दोन खळगे, दोन निर्णय: दात काढल्यानंतरच्या बोन ग्राफ्टचे एक प्रकरण

या प्रकरणातील रुग्ण ४८ वर्षांच्या असून व्यवसायाने लेखापरीक्षक आहेत. ओळख पटेल असे बाकीचे तपशील येथे मुद्दाम गाळले आहेत. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या हातात दुसऱ्या दवाखान्याने दिलेले संमतिपत्र होते आणि त्यावर सही झालेली नव्हती. दोन दात काढायचे आणि दोन्ही ठिकाणी लगेच बोन ग्राफ्ट भरायचे, म्हणजे दात निघाल्यावर जबड्यात उरणाऱ्या खळग्यात हाडाचे किंवा हाडासारखे कण भरायचे, असा त्यात मजकूर होता. ग्राफ्ट केले नाही तर तिथे हाडच उरणार नाही, असे त्यांना एकीकडे सांगण्यात आले होते, तर हाड आपले आपण भरून येते, ग्राफ्ट हा नुसता वाढवलेला खर्च आहे, असे एका नातेवाइकाने ठामपणे बजावले होते. दोन्ही विधानांत थोडे थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच त्यांची पंचाईत झाली होती.

तपासणीत काय दिसले

पहिला दात वरच्या जबड्यातील उजवीकडची दुसरी उपदाढ. तिचे रूट कॅनाल होऊन अकरा वर्षे झाली होती आणि वर कॅप होती. गेले दोन महिने हिरडीवर मोहरीएवढा फोड येत होता, फुटत होता आणि पुन्हा येत होता. हिरडी आणि दात यांच्यामध्ये प्रोब, म्हणजे खोली मोजायची खुणा असलेली बारीक सळई, फिरवून पाहिल्यावर सगळीकडे २ ते ३ मिलिमीटर खोली मिळाली. गालाच्या बाजूला अगदी मध्यावर मात्र तोच प्रोब ९ मिलिमीटर सरळ आत गेला. रूट कॅनाल झालेल्या दाताजवळ अशी अरुंद आणि एकाएकी खोल होणारी जागा सापडली की मुळाला उभी चीर गेल्याची दाट शंका येते. अशी चीर साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही. दिसते ती तिच्यामुळे शेजारच्या हाडात झालेली हानी. सीबीसीटी या जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये मुळाच्या बाहेरच्या बाजूची हाडाची भिंत मध्यभागी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात झिजलेली होती, आणि जिथे ती शिल्लक होती तिथेही तिची जाडी १ मिलिमीटरपेक्षा कमी भरत होती. उभी चीर गेलेले एकमुळी दात वाचवता येत नाहीत, त्यामुळे दात काढण्याबद्दल वाद नव्हता.

दुसरा दात खालची डावीकडची दुसरी दाढ. तिची कीड हिरडीच्या खालपर्यंत गेली होती आणि कॅप बसवण्याइतका भागही वर उरला नव्हता. मात्र या जागी गालाकडचे हाड जाड असते, कारण जबड्याच्या बाहेरून तिरका जाणारा हाडाचा उंचवटा तिथेच येऊन मिळतो. स्कॅनमध्येही चारही भिंती शाबूत आणि भक्कम होत्या. एक गोष्ट संमतिपत्रात कुठेच विचारात घेतलेली नव्हती: या दाढेसमोरची वरची दाढ कित्येक वर्षांपूर्वीच काढलेली होती. म्हणजे खालची दाढ कशावर चावतच नव्हती.

प्रकृतीबाबत सांगायचे तर मधुमेह होता, पण गोळ्यांवर आटोक्यात, एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ७.२ टक्के. धूम्रपान नाही. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिली जाणारी बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे किंवा इंजेक्शने नाहीत, जबड्याला किरणोपचार झालेले नाहीत. हे प्रश्न कागदोपत्री सोपस्कार म्हणून विचारायचे नसतात. यातील एकाचेही उत्तर वेगळे आले असते तर पुढची सगळी चर्चा बदलली असती.

त्यांचे तीन प्रश्न

अपॉइंटमेंटच्या कार्डाच्या मागे त्यांनी बारीक अक्षरात तीन प्रश्न लिहून आणले होते. ‘न केल्यास नेमके काय होईल? हे हाड कुणाचे? आत्ताच ठरवायला हवे का?’ इतक्या मोजक्या शब्दांत आमच्या अभ्यासवर्गांतही हा विषय मांडला जात नाही, हे मी त्यांना तेव्हाच सांगितले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दाताच्या मुळापासून सुरू होते. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. सूक्ष्म तंतूंनी तो खळग्याच्या भिंतीला बांधलेला असतो. हे तंतू ज्या पातळ अस्तरात रुतलेले असतात त्या हाडाला बंडल बोन म्हणतात, आणि ते दातासाठीच असते. दात गेला की त्याचे प्रयोजन संपते आणि शरीर ते काढून घेते. आतल्या, म्हणजे टाळूच्या किंवा जिभेच्या बाजूची भिंत जाड असल्याने तिचे फारसे बिघडत नाही. बाहेरची भिंत मात्र पुष्कळदा इतकी पातळ असते की तिच्या कडेला बंडल बोनखेरीज दुसरे हाड जवळजवळ नसतेच, आणि ते अस्तर गेले म्हणजे ती कडाच जाते. आराउजो आणि लिंड या संशोधकांनी २००५ मध्ये कुत्र्यांच्या जबड्यांवरील अभ्यासात पहिल्या आठ आठवड्यांत हे कसे घडते ते सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले. खळगा आतून नव्या हाडाने भरत असतो आणि त्याच वेळी बाहेरून खचत असतो. ‘हाड आपले आपण भरते’ आणि ‘हाड उरत नाही’ ही दोन्ही विधाने एकाच खळग्याबद्दल एकाच वेळी खरी असू शकतात ती यामुळे.

खचण्याचे प्रमाण किती? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात उपदाढा आणि दाढा काढलेल्या ४६ रुग्णांच्या जबड्याची रुंदी वर्षभर मोजली गेली. सरासरी १२ मिलिमीटरची रुंदी वर्षअखेर ५.९ मिलिमीटरवर आली होती आणि त्यातील सुमारे दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. हा आकडा ऐकून रुग्ण घाबरतो, आणि क्वचित घाबरावा म्हणूनही तो सांगितला जातो. परंतु सरासरी ही सरासरीच असते. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०१३ मध्ये वरच्या समोरच्या दातांच्या ३९ खळग्यांचा आठ आठवडे मागोवा घेतला, तेव्हा बाहेरची भिंत १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असलेल्या ठिकाणी भिंतीच्या मध्यावर उंचीची घट ७.५ मिलिमीटरच्या आसपास, तर जाड भिंतीच्या ठिकाणी जेमतेम १.१ मिलिमीटर आढळली. तो अभ्यास समोरच्या दातांचा होता, दाढांचा नव्हे, म्हणून त्यातील आकडा जसाच्या तसा इकडे लावता येत नाही. पण किती हाड जाईल हे भिंतीची जाडी ठरवते, हे तत्त्व लावता येते. म्हणूनच वय किंवा दाताचा क्रमांक यापेक्षा भिंतीच्या जाडीला मी अधिक वजन देतो.

आता ग्राफ्ट यात काय करते? ते झीज थांबवत नाही, कमी करते. खळग्यात भरलेले कण आतून आधार देतात, वरची हिरडी आत कोसळू देत नाहीत आणि नवे हाड त्यांच्या आधाराने तयार होते. बंडल बोन मात्र जायचे ते जातेच. निरनिराळ्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर ग्राफ्ट केलेल्या आणि न केलेल्या जागांमध्ये रुंदीत आणि उंचीत साधारण एक ते दोन मिलिमीटरचा फरक दिसतो. वैद्यकीय चाचण्यांचे पद्धतशीर आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यातही हा कल आढळतो, पण त्यामागील पुराव्याची खात्री फारच कमी असल्याचे त्यात स्पष्ट म्हटले आहे. एक मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतो. इम्प्लांट, म्हणजे नव्या दातासाठी हाडात रोवला जाणारा स्क्रू, बसवायचे असेल तर तो क्षुल्लक नसतो. तिथे दुसरे काहीच बसवायचे नसेल तर तो कुणाच्याही कामाचा नसतो.

यावरून खरा प्रश्न पुढे येतो, जो कार्डावर नव्हता आणि संमतिपत्रातही नव्हता: दात गेल्यावर त्या जागी काय यायचे आहे? वरच्या उपदाढेच्या जागी त्यांना काहीतरी हवेच होते, कारण हसताना ती जागा दिसते आणि त्यांचे काम दिवसभर लोकांशी बोलण्याचे आहे. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला कृत्रिम दात, करायचा तर पुढची उपदाढ कॅपसाठी घासावी लागणार होती, आणि तिच्यावर साधे फिलिंगही नव्हते. धडधाकट दात घासायला त्यांचा जीव धजत नव्हता, माझाही नव्हता. इम्प्लांटकडे कल होता, पण घरातील आजारपणामुळे निदान सहा-आठ महिने कोणतीही मोठी शस्त्रक्रिया त्यांना नको होती. दात काढल्याबरोबर त्याच बैठकीत इम्प्लांट बसवण्याचा पर्याय मीच बाजूला ठेवला. बाहेरची भिंत नसलेल्या खळग्यात ते करणे मला जोखमीचे वाटते. चार ते आठ आठवड्यांनी, हिरडी जुळून आली की लगेच इम्प्लांट बसवण्याचा एक चांगला मार्ग आहे, आणि त्यात या टप्प्यावरील ग्राफ्ट वाचते. त्यांच्या वेळापत्रकात तो बसत नव्हता. म्हणजे हिरडी आणि हाड काही महिने नुसते थांबणार होते, आणि तेही भिंत आधीच तुटलेल्या जागी. ग्राफ्टचा सर्वांत सबळ आधार मला इथे दिसला.

खालच्या दाढेबद्दल एवढा विचार करावाच लागला नाही. समोर दात नाही, जागा भरायची नाही, भिंती जाड आहेत. तिथे रक्ताची गाठ जे काम फुकटात करते ते पुरेसे होते.

दुसरा प्रश्न, हे हाड कुणाचे, हा माझ्या अनुभवात रुग्ण विचारायला संकोचतात आणि डॉक्टर सांगायला विसरतात. ग्राफ्टचे कण चार ठिकाणांहून येतात: रुग्णाच्या स्वतःच्या जबड्यातून, मृत्यूनंतर दान केलेल्या आणि प्रक्रिया केलेल्या मानवी हाडातून, गाईगुरांच्या किंवा डुकराच्या हाडातून, किंवा कॅल्शियम फॉस्फेटसारख्या द्रव्यांपासून कारखान्यात. गुरांच्या हाडातील सेंद्रिय भाग काढून टाकून उरलेला खनिज सांगाडा अतिशय मंद गतीने झिजतो, म्हणून तो आकार चांगला टिकवतो. पण त्याचे कण वर्षानुवर्षे तिथेच राहतात. मानवी हाडाचे कण आणि काही कृत्रिम द्रव्ये लवकर विरघळून त्यांची जागा नवे हाड घेते, मात्र आकार थोडा कमी टिकतो. वर झाकण म्हणून वापरला जाणारा कोलॅजन या प्रथिनाचा पातळ पडदाही बहुधा प्राण्याच्या ऊतींपासूनच बनवलेला असतो, हे सांगायचे राहून जाते. एखाद्याला श्रद्धेमुळे, आहाराच्या नियमांमुळे किंवा नुसत्या मनाच्या नकारामुळे यातील काही नको असू शकते, आणि तो नकार वैद्यकीय कारणाइतकाच ग्राह्य आहे. या रुग्णांनी थोडा वेळ घेऊन प्राणिजन्य कण नकोत असे सांगितले. पडद्याला त्यांची हरकत नव्हती, कारण तो काही आठवड्यांत विरघळून जातो. हा भेद मला सुचला नसता. तो त्यांनी केला. मानवी हाडाचे कण वापरायचे ठरले.

तिसरा प्रश्न, आत्ताच ठरवायला हवे का, याचे उत्तर मी दोन भागांत दिले. ग्राफ्ट आज केले नाही म्हणून इम्प्लांटचा मार्ग कायमचा बंद होत नाही. इम्प्लांटच्या वेळी किंवा त्याआधी हाड वाढवता येते, पण ती शस्त्रक्रिया अधिक मोठी असते, सूज अधिक येते, आणि हाड फारच अरुंद झाले असेल तर जबड्यातील दुसऱ्या ठिकाणाहून हाडाचा तुकडा काढावा लागतो. उलट, खळगा उघडा असताना ग्राफ्ट भरणे हे त्या मानाने लहान काम आहे. दुसरा भाग असा की खरी माहिती दात बाहेर आल्यानंतरच मिळते, आणि त्या क्षणी रुग्णाचे तोंड उघडे व अर्धा चेहरा बधिर असतो. त्या अवस्थेत विचारलेल्या प्रश्नाला मान हलवणे म्हणजे संमती नव्हे.

म्हणून आम्ही संमतिपत्र अटींसह लिहिले. वरच्या खळग्याची बाहेरची भिंत अपेक्षेविरुद्ध शाबूत आणि जाड निघाली तर ग्राफ्ट करायचे नाही. ती तुटलेली निघाली तर पडदा आणि मानवी हाडाचे कण. ताजा पू किंवा पसरलेली सूज आढळली तर नुसता खळगा स्वच्छ करून सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा पाहायचे. खालच्या खळग्यात कोणत्याही परिस्थितीत काही भरायचे नाही. चारही वाक्ये त्यांनी वाचली, ‘शाबूत’ म्हणजे किती ते विचारले, मी ‘निम्म्याहून अधिक उंची’ असे कंसात लिहिले, आणि मग सही झाली.

दात काढला तो दिवस

खालची दाढ वीस मिनिटांत निघाली. खळगा धुतला, दोन टाके घातले, तेवढेच. वरच्या उपदाढेला मात्र वेळ दिला. पक्कड लावून हेलकावे दिले असते तर उरलीसुरली बाहेरची भिंतही दाताबरोबर आली असती, म्हणून पेरिओटोमच्या पातळ पात्याने मुळाभोवतीचे तंतू कापत दात हळूहळू सैल केला. हिरडी उलटवली नाही. दात हातात आल्यावर मुळावर गालाच्या बाजूने वरपासून खालपर्यंत केसासारखी काळी रेघ होती. ती मी त्यांना आरशात दाखवली, कारण रूट कॅनाल झालेला दात उगाच काढला, अशी रुखरुख पुढे मनात राहू नये.

क्युरेटने खळग्यातील लालसर मऊ ऊतक खरवडून काढल्यावर प्रोबने भिंत चाचपली. मध्यभागी ती निम्म्याहून अधिक उंचीपर्यंत नव्हती. प्रोबचे टोक थेट हिरडीच्या आतल्या बाजूला लागत होते. पू नव्हता. दुसरी अट लागू झाली. तुटलेली भिंत आणि हिरडी यांच्यामध्ये कोलॅजनचा पडदा सरकवला, सलाइनमध्ये भिजवलेले कण थोडे थोडे भरले आणि पडद्याचे टोक खळग्यावर दुमडून त्यावर आडवे टाके घातले. कण दिसायला जाड्या मिठासारखे असतात. ते ठासून भरायचा मोह होतो, पण कणांमधल्या फटींतूनच रक्तवाहिन्या शिरतात. ठासून भरले तर शिरायला जागाच राहत नाही. भरण्याआधी खळग्यातून ताजे रक्त येते आहे ना, एवढी खात्री मात्र करावी लागते.

पुढचे महिने

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला: ‘डॉक्टर, तोंडात वाळूसारखे कण येताहेत. सगळे निघून चालले का?’ पहिल्या काही दिवसांत वरच्या थरातील थोडे कण सुटतात आणि त्याने बिघडत नाही, हे मी आधी सांगायला हवे होते. ते माझ्याकडून राहिले, आणि त्यांची एक रात्र काळजीत गेली. आता सूचनांच्या कागदावर ही ओळ सर्वांत वर आहे. बाराव्या दिवशी टाके काढले. सहाव्या आठवड्यात वरच्या खळग्यावर हिरडी पूर्ण आली होती. खालचा खळगा काही न भरताही निमूटपणे भरून आला. तिथे आता उथळ खोलगट जागा आहे आणि तिचा त्यांना त्रास नाही.

ग्राफ्टमुळे वेळ मिळतो, पण तो अमर्याद नसतो. भरलेल्या जागेचीही झीज संथपणे चालूच राहते. म्हणून पाचव्या महिन्यात दुसरा स्कॅन करायचे आधीच ठरले होते. कडेपासून ३ मिलिमीटर खाली जबड्याची रुंदी दात असताना ८.६ मिलिमीटर होती, ती आता ७.१ भरली. ४.१ मिलिमीटर व्यासाच्या इम्प्लांटसाठी बाहेरच्या बाजूला शक्यतो २ मिलिमीटर आणि आतल्या बाजूला दीड मिलिमीटर हाड असावे, या हिशेबाने ७.६ लागत होते. अर्धा मिलिमीटर कमी पडला. ‘म्हणजे ग्राफ्ट फसले?’ त्यांनी विचारले. फसले नाही, इम्प्लांट योग्य जागी आणि योग्य कोनात बसेल इतके हाड होते, मात्र बाहेरच्या बाजूला थोडी भर पुन्हा घालावी लागणार होती. ‘एकदा ग्राफ्ट केले की पुन्हा लागत नाही’ असे मी पहिल्या भेटीत म्हटले नव्हते, याचे मला त्या क्षणी बरे वाटले.

सातव्या महिन्यात घरची परिस्थिती निवळल्यावर इम्प्लांट बसवले. ड्रिल फिरवताना हाडाला चांगला कठीणपणा जाणवला आणि त्यात काही पांढरट कण अजून वेगळे ओळखू येत होते. बाहेरच्या बाजूला पातळ थराची भर घातली, आणि तीन महिन्यांनी कॅप बसली.

शेवटच्या भेटीत त्यांनी लेखापरीक्षकाला शोभेल असा प्रश्न विचारला: ग्राफ्टने नेमके किती वाचवले? मी सांगितले की दीड मिलिमीटर गेला हे मोजता आले, पण ग्राफ्ट केले नसते तर किती गेला असता हे या एका खळग्यावरून कुणालाही सांगता येणार नाही. आणि खालचा खळगा तुलनेला चालणार नाही, कारण त्याच्या भिंती मुळातच वेगळ्या होत्या. त्यांनी ते मान्य केले. कॅपवरची हिरडी शेजारच्या दातापेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर वर चढलेली आहे. वरचा ओठ बोटाने उचलल्याशिवाय ती दिसत नाही, आणि त्या सोडून अजून कुणी तो उचलून पाहिलेला नाही.